एक मत वाळूला

वर्गात माणसं जेमतेम चाळीस आणि पडद्यावर उत्तरं एकशे त्रेसष्ट! ग्रेटा हॅल्व्होर्सनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हीटर बिघडलेल्या त्या सभागृहातही तिला स्वेटर काढावासा वाटला.

प्रश्न साधा होता. माती काळी कशामुळे दिसते? मुलांनी आपापल्या फोनवर पर्याय दाबायचा, की समोरच्या पडद्यावर रंगीत खांब भराभरा वाढायचे. मृदाशास्त्राच्या तासाला मुलं पेंगतात म्हणून विद्यापीठानंच हे खूळ काढलं होतं. आणि नुसतं दाबलं तरी गुण! बरोबर दाबा, चूक दाबा, कुठूनही दाबा. मग काय? विस्कॉन्सिनच्या जानेवारीत पांघरुणातून एक बोट बाहेर काढून गुण मिळत असतील, तर पाय बाहेर काढतो कोण?

एरवी तिनं हे गिळलं असतं. पण आज मागच्या रांगेत सहअधिष्ठाता डॉ. पिकेट मांडीवर फाइल घेऊन बसले होते. तास पाहून ते शेरा लिहिणार, त्या शेऱ्यावर ग्रेटाचा पुढच्या वर्षीचा करार ठरणार, आणि त्या करारावर घराचा आरोग्यविमा. तिच्या दोन वर्षांच्या लेकीचा, इंगाचा, कान या हिवाळ्यात सारखा सुजत होता. आज पाळणाघरात सोडतानाही पोरीचा हात कानाकडेच होता. ताप आला तर कळवतो, असं तिथल्या बाई म्हणाल्यापासून ग्रेटानं फोन मुठीतून सोडला नव्हता.

"वा!" डॉ. पिकेट मागून म्हणाले. "पटावरच्या प्रत्येकाचं उत्तर! ग्रेटा, असा सहभाग मी कुठेच पाहिला नाही."

"मीही नाही," ग्रेटा दात आवळून म्हणाली.

गृहस्थांच्या पुढे रिकाम्या खुर्च्यांचं रान पसरलं होतं. पण त्यांची नजर पडद्यावरून हलेल तर शपथ! गप्प बसावं तर आपणच लबाड ठरतो, बोलावं तर आपणच आपला शेरा बिघडवतो. ग्रेटानं मधला मार्ग काढला.

"पुढचा प्रश्न," ती म्हणाली. "मी आज कोणत्या रंगाचा स्कार्फ घातलाय?"

आता कळेल, असं ती मनात म्हणते न म्हणते तोच पडद्यावर जांभळा खांब छताला भिडला. एकशे त्रेसष्ट. एकही चूक नाही.

पुढच्या रांगेतल्या कॅसिडीनं फोन घाईघाईनं मांडीखाली सरकवला.

"कॅसिडी, तू माझा फोटो काढलास?"

"एकच, प्रोफेसर. गटावर टाकला. ब्रॉडी विचारत होता."

"आणि ब्रॉडी कुठे आहे?"

"झोपलाय."

"झोपलेला माणूस विचारतो कसा?"

"तसा पूर्ण नाही झोपलेला."

वर्ग खो खो हसला. डॉ. पिकेटही हसले. "वातावरण फार खेळीमेळीचं आहे हो," असं म्हणत त्यांनी फाइलीत काहीतरी टिपलं. ग्रेटाचा उरलासुरला संयम तिथे संपला. या यंत्रणेला एक कडी होती. ती घातली की सभागृहात असलेल्या फोनचंच उत्तर धरलं जायचं. मुलं नाराज होतात म्हणून ती कोणी घालत नसे. ग्रेटानं घातली.

पडद्यावरचा आकडा एकदम चाळिसावर घसरला.

"अरेरे, बिघडलं की!" डॉ. पिकेट कळवळले.

"आत्ताच दुरुस्त झालं, सर. आणि ऐका रे सगळ्यांनी! आजच्या शेवटच्या प्रश्नाला दुप्पट गुण. पण या खोलीतून उत्तर दिलं तरच."

कॅसिडीचे अंगठे फोनवर नाचले.

वसतिगृह रस्त्यापलीकडेच होतं. थोड्या वेळात सभागृहाचं दार धाडकन उघडलं आणि लोंढा आत आला. झोपेच्या विजारी, लोकरी सपाता, ओल्या केसांच्या गोठून झालेल्या काड्या. एकीच्या तोंडात अजून दात घासायचा ब्रश. एक जण तर अख्खी रजई पांघरूनच आला. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, भिंतीही भरल्या. विद्यापीठानं एवढ्या मुलांना नव्वद खुर्च्यांची खोली दिली होती. का? तर नाहीतरी येतंय कोण!

आता मात्र डॉ. पिकेट ताडकन उठले आणि पुढे आले. सुरक्षा समितीचे ते अध्यक्ष होते.

"थांबा! या खोलीत नव्वदच्या वर एक माणूस चालणार नाही. भिंतीवर लिहिलंय, वाचता येत नाही? ज्याला खुर्ची नाही त्यानं बाहेर!"

एवढं बजावून ते वळले, तर त्यांच्या खुर्चीत रजई बसलेली.

"ऊठ," डॉ. पिकेट म्हणाले.

"सर, मला खुर्ची आहे," रजईतून आवाज आला. "तुम्हाला नाही."

"मी कोण आहे माहीत आहे का तुला?"

"नाही हो. मी या वर्गात पहिल्यांदाच आलोय."

"ब्रॉडी, आलास!" कॅसिडी पुढून आनंदानं ओरडली.

डॉ. पिकेट नियमाचे पक्के. काखेत फाइल मारून ते उभ्या मुलांच्या घोळक्याबरोबर मुकाट्यानं बाहेर गेले. ग्रेटानं प्रश्न लावला: मुसळधार पाऊस थांबून दिवस उलटला, तर कोणत्या मातीत सगळ्यांत जास्त पाणी उरेल?

तेवढ्यात मुठीतला फोन थरथरला. ग्रेटानं तो झटकन डोळ्यांसमोर धरला. पण पाळणाघर नव्हतं. डॉ. पिकेट होते.

'बाहेर काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. शेवटच्या प्रश्नाला माझंही उत्तर पडलं तरच मी हजर होतो अशी नोंद होते, नाहीतर शेरा लिहिता येणार नाही. ती कडी काढा. मी इथूनच दाबतो.'

ग्रेटानं ते दोनदा वाचलं. इथूनच दाबतो! चोर पकडायला आणलेला कोतवालच खिडकीतून पाय टाकत होता. 'हजेरी हवी त्यानं आत यावं, सर,' असं तिनं ताडताड लिहिलं. मग कानाशी गेलेला तो इवलासा हात डोळ्यांपुढे आला. लिहिलेलं तिनं पुसलं, आणि कडी काढली.

"ए, बाहेरून चालतंय परत!" ब्रॉडी म्हणाला.

जेवणं उरकल्यावर मांडव ओस पडावा तशी खोली ओस पडली. सपाता फरफटल्या, रजई गेली. उरले तेच चाळीस. पडद्यावर मात्र आकडा चढत चढत गेला आणि थांबला. एकशे चौसष्ट. त्यांतली एकशे त्रेसष्ट मतं चिकणमातीला. एक मत वाळूला.

डॉ. पिकेट आत येऊन आपल्या खुर्चीत बसले.

"वाळू कोणी म्हटलं?" ग्रेटानं विचारलं.



"आमच्यातलं कोणी नाही, प्रोफेसर," कॅसिडी म्हणाली. "मी गटावर चिकणमाती सांगितलं होतं."

"म्हणजे अख्ख्या वर्गात स्वतःच्या डोक्यानं उत्तर देणारा एकच निघाला," ग्रेटा म्हणाली, "आणि तोही चुकला!"

डॉ. पिकेट यांचे कान लाल झाले. तास संपला, मुलं पिशव्या आवरून निघाली. ग्रेटानंही कोट उचलला. इंगाला आणायचं होतं.

"वाळू का नाही?" मागून आवाज आला. डॉ. पिकेट उभे राहिले होते. ते मूळचे हिशेबशास्त्राचे. "सुपीरियर सरोवराच्या काठी आमचं घर आहे. तिथली वाळू कायम ओली असते. केव्हाही येऊन बघा!"

"ओली असते कारण शेजारी सरोवर आहे, सर."

"सरोवराचं मला सांगू नका. तीस वर्षं जातोय मी तिथे!"

"बरं. आणि माझा करार?"

"सहभाग शंभर टक्क्यांच्या वर, असं लिहून सहीसुद्धा केलीय हो!" त्यांनी फाइल खुर्चीवर आपटली. "ते सोडा. वाळूत पाणी राहत का नाही, ते सांगा आधी!"

ग्रेटानं फोन पाहिला. पाळणाघराकडून काही नव्हतं. या वर्गात सबंध सत्रात कोणी 'का' म्हणून विचारल्याचं तिला आठवेना. कोटाच्या बाहीत घातलेला हात तिनं बाहेर काढला आणि खडू उचलला.

"पुढे येऊन बसा," ती म्हणाली. "मागून फळा दिसायचा नाही."