रेवणचे केस आणि वळसंगचं स्थळ

गिटार शिकायला घेतली की बोटं दुखतात म्हणे. रेवणसिद्धची मान दुखली. हेवी मेटल रॉक वाजवायचं तर मान हलली पाहिजे आणि मान हलवायची तर केस पाहिजेत, म्हणून त्याने सुरुवात केसांपासून केली.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत अभिमन्यूच्या वडिलांचं टॉवेलचं गोदाम होतं. तिथे अभिमन्यू ड्रम बडवायचा, ऋतुजा घसा फाडून गायची आणि रेवण केस तोंडावर घेऊन गिटारवर वाकायचा. केसांच्या पडद्याआड तो काय करतो, हे कुणाला दिसत नसे. आवाज इतका असायचा की ऐकूही येत नसे.

"वर्ष झालं बे. कुठपर्यंत आलं?" अभिमन्यूने विचारलं.

"खांद्यापर्यंत," उत्तर ऋतुजाने दिलं.

"मेटलमध्ये निम्मं काम केसांचंच असतंय की!" रेवण चिडला.

"मग उरलेलं निम्मं शनिवारच्या आत आण. स्पर्धा हाय. तिथं चुकलास तर दुसरा गिटारवाला बघणार आमी," अभिमन्यूने बजावलं.

घरी वेगळंच संकट होतं. आई शरणम्मा दर रविवारी कात्री घेऊन मागे लागायची. सहा महिन्यांपूर्वी एकदा तिने मानगूट धरली, तेव्हा रेवण घाबरून बोलून गेला होता, "अव्वा, थांब! नवस हाय! ताईचं लग्न जमलं की श्रीशैलला केस देणार!"

शरणम्माच्या हातून कात्रीच गळाली. आपल्या या दिवट्याला बहिणीची एवढी काळजी! तिने त्याच दिवशी गल्लीभर सांगितलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्याला खोबरेल चोपडायला सुरुवात केली. रेवण निर्धास्त होता. शिवानीताईने आतापर्यंत सात स्थळं नाकारली होती. हा वेग टिकला तर केस कमरेपर्यंत सहज गेले असते.

आणि नेमकं स्पर्धेच्या आठवड्यात, सोमवारी, वळसंगचं स्थळ आलं. मुलगा सिद्धू वडिलांसोबत आलेला, बँकेत नोकरीला, चापूनचोपून भांग पाडलेला. आत शिवानी चक्क गुणगुणत साडी नेसत होती. रेवणने चटकन स्वतःचे केस मुठीत धरले.

त्याने मग एक युक्ती केली. कवटीचा काळा टी-शर्ट चढवला, केस मोकळे सोडले आणि पोह्यांचा ट्रे घेऊन स्वतःच बाहेर आला. असला मेव्हणा बघून कुठलाही सज्जन माणूस एसटी स्टँड गाठेल, अशी त्याची खात्री होती. सिद्धूने खरंच पोहे अर्धे ठेवले. टी-शर्टकडे टक लावून बघत राहिला आणि निरोप घेताना दारात अडखळला. रेवण खूश झाला.

मंगळवारी सकाळी होकार आला. शिवानीनेही लाजून मान डोलावली.

"अव्वा, केस लग्न झाल्यावर देऊ की," रेवणने गयावया केली.

"देवाला तारखा देतोस व्हय रे?" शरणम्मा कडाडली. "आजच्या गाडीनं निघायचं!"

शुक्रवारी तालमीला जे डोकं आलं ते गुळगुळीत होतं. अभिमन्यू आणि ऋतुजा पोट धरधरून हसले. मग रेवण वाजवू लागला आणि त्यांचं हसू थांबलं. आता मधे पडदा नव्हता.

"रेवण, तू एकच तार वाजवतोस?" ऋतुजाने विचारलं.

"मग बाकीच्या पाच कशाला लावल्यात?" अभिमन्यू ओरडला.

रेवणला रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात दारात शिवानी आणि सिद्धू उभे राहिले. होणाऱ्या मेव्हण्याचं वाजवणं ऐकायला म्हणून सिद्धू मुद्दाम आला होता.

"जरा बघू?" म्हणत त्याने गिटार घेतली, बाह्या दुमडल्या, आणि पुढची चार मिनिटं गोदामाचा पत्रा थरथरत होता. ऋतुजाने तिथल्या तिथे उद्याचा गिटारवाला ठरवून टाकला. रेवण सिद्धूसमोर जाऊन उभा राहिला.

"दाजी, तुमी मेटलवाले? मग त्या दिवशी बोलला का न्हाय?"

"बाबा समोर होते. अहो, मी नकार द्यायचं ठरवूनच आलो होतो. मला कुठं एवढ्यात लग्न करायचं होतं?" सिद्धू हसला. "पण तुमी ट्रे घेऊन आलात. तो टी-शर्ट, ते केस! म्हटलं, असं घर पुन्हा मिळायचं न्हाय."

शिवानीने त्याला कोपर मारलं.

रेवणने डोक्यावरून हात फिरवला. "म्हणजे मी आतच बसलो असतो तर?"

"तर काय, पोहे खाऊन गेलो असतो की."