सोफ्याखालचा खडा

असेंद्रिय रसायनशास्त्र विभागात दरवर्षी नवसंशोधकांचं चर्चासत्र भरतं. नव्यांनी आपलं संशोधन मांडावं आणि ज्येष्ठांनी ते ऐकावं, असा त्याचा मूळ उद्देश आहे. या उद्देशाला आजवर कुणीही विरोध केलेला नाही, त्यामुळे तो अमलात आणण्याची वेळही आलेली नाही. ज्येष्ठ बोलतात, नवे ऐकतात आणि उरलेल्या वेळात चहा होतो.

विभागातल्या सगळ्यात नव्या मुलीला सगळे धाकटी म्हणत. ती यंदा बोलायचंच असं ठरवून बसली होती. तिने कोबाल्टचं एक नवं संयुग बनवलं होतं. म्हणजे असं तिचं म्हणणं होतं. विभागाचं म्हणणं असं, की फ्लास्कमधल्या निळ्या पाण्याला कुणी संयुग म्हणत नसतं. त्याचा चांगला कोनदार स्फटिक जमला पाहिजे, तो यंत्राखाली ठेवून आत कुठला अणू कुठे बसलाय ते कळलं पाहिजे, मग पुढचं बोलू. संचालकांनी तिला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "चर्चासत्राच्या दिवशी स्फटिक दिसला तर भाषणही दे आणि नोकरीला मुदतवाढही घे. नाही दिसला तर आमच्या शुभेच्छा आहेतच."

आता स्फटिक म्हणजे भलतं मानी प्रकरण. द्रावण अगदी संथ ठेवावं लागतं. जरा धक्का लागला की तो रुसतो आणि तळाशी नुसता भुगा जमतो. प्रयोगशाळेत तर दिवसभर पंप धडधडायचा, भिंतीपलीकडून लिफ्ट जायची आणि कुणी ना कुणी कपाटाचं दार आपटायचंच. धाकटीच्या नशिबी भुगाच भुगा.

संध्याकाळी आईचा फोन यायचा. "आले का गं तुझे खडे?"

"आई, ते काय पाहुणे आहेत, येतो म्हणून कळवायला?"

"मग सारखी जाऊन डोकावू नकोस. एका जागी ठेव आणि विसरून जा. दही लावताना मी काय करते?"

एका जागी ठेवायचं खरं, पण ती जागा कुठली? धाकटीने अख्खी इमारत पालथी घातली आणि शेवटी तिला सापडलं सभागृह. जाड गालिचा, जाड पडदे, आणि कित्येक वर्षांत तिथे काही हलल्याची खूण नाही. पहिल्या रांगेत मान्यवरांसाठी एक लांबलचक सोफा होता. त्याच्याखाली झाडूसुद्धा जात नव्हता, हे धुळीवरूनच दिसत होतं. तिने फ्लास्क अलगद तिथे सरकवला.

चर्चासत्राच्या सकाळी तिने वाकून पाहिलं. पाणी नितळ निळं, स्फटिकाचा पत्ता नाही. बाहेर काढावा तर हलणार, ठेवावा तर वर मान्यवर बसणार. ती दुसऱ्या रांगेत, बरोबर सोफ्यामागे, देवावर हवाला ठेवून बसली.

संचालक उद्घाटनाला उभे राहिले. विषय होता 'अणू आणि आजचा तरुण'. दोघेही लहान असतात आणि दोघांनीही आपापली जागा ओळखून राहावं, असा एकंदर सूर होता. बघता बघता सभागृह निश्चल झालं. सोफ्यावरच्या ज्येष्ठांचे डोळे मिटले. पेन पडल्याचं निमित्त करून धाकटी वाकली, तर काय, ज्येष्ठांच्या बुटांच्या मधे, फ्लास्कच्या तळाशी निळा ठिपका. थोड्या वेळाने पेन पुन्हा पडलं. ठिपक्याला कोपरे आले होते.

तेवढ्यात संचालक म्हणाले, "आणि शेवटी एवढंच सांगतो..."

आता टाळ्या होणार, लोक उठणार, सोफ्याच्या स्प्रिंगा कुरकुरणार. ती ताडकन उभी राहिली.

"सर, थांबू नका."

या सभागृहात वक्त्यांना थांबण्याची विनंती अनेकदा झाली होती. चिठ्ठीने, खोकल्याने आणि एकदा तर दिवे घालवूनसुद्धा. थांबू नका म्हणणारं माणूस पहिलंच. संचालकांनी चष्मा काढून पुसला.

"काय ऐकायचंय, बाळ?"

"काहीही चालेल, सर. एका सुरात असलं म्हणजे झालं."

मग संचालक बोलले. बालपण झालं, परदेश दौरा झाला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. जेवणं निवली, पण कुणी हाललं नाही. नव्यांची सगळी भाषणं अर्थातच रद्द झाली, त्यात धाकटीचंही गेलं. शेवटी तिने फ्लास्क बाहेर काढला, तेव्हा आत नखाएवढा झगझगीत निळा खडा होता.

संचालकांनी तो उजेडात धरला. "हा माझ्या भाषणात वाढला?"

"कुणी हललं नाही म्हणून वाढला, सर."

"मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

लगोलग शोधनिबंध तयार झाला : 'स्फटिकवाढीत प्रशासकीय भाषणाचं कार्य'. पहिलं नाव संचालकांचं, दुसरं सोफ्यावरच्या ज्येष्ठांचं, निश्चल राहण्याच्या योगदानाबद्दल. अणू अगदी धाकटी म्हणाली होती तिथेच बसलेले निघाले, पण तो मुद्दा जागेअभावी गाळण्यात आला.

"तुझं नाव छापलं का?" आईने विचारलं.

"आभारात आहे. सोफ्याच्या खाली."

परीक्षकांनी मात्र शंका काढली. स्फटिक याच भाषणाने वाढतो की कुठल्याही, हे कशावरून? तुलनेसाठी दुसरा वक्ता हवा. संचालकांनी धाकटीला बोलावून घेतलं. "बोलायचं होतं ना तुला? बोल आता मनसोक्त."

सोफ्याखाली नवा फ्लास्क ठेवला. धाकटी उभी राहिली आणि आपला कोबाल्ट निळा का दिसतो ते सांगू लागली. आधी जरा अडखळली, पण मग सुटली. मागच्या रांगेतली मुलं पुढे झुकली. एकाने मधेच प्रश्न विचारला, दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, तिघंचौघं फळ्यापाशी आली. सोफ्यावरचे ज्येष्ठ जागे झाले, "असं होय?" म्हणाले आणि नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकले. स्प्रिंगा करकरल्या. धाकटीला ऐकूही आलं नाही. आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता.

फ्लास्कमध्ये भुगा होता.

विभागाच्या समितीने एकमताने निष्कर्ष काढला : नवसंशोधकांचं बोलणं स्फटिकांना घातक असतं. त्यामुळे नवसंशोधकांच्या चर्चासत्रात त्यांनी यापुढे बोलू नये. सभागृहाच्या दारावर पाटी लागली, 'आत काहीही समजून घेऊ नये. समजल्यास मान हलते.' धाकटीला मुदतवाढ मिळाली. काम एवढंच, की भाषण चालू असताना कुणी हलत नाही ना, यावर नजर ठेवायची.

"नोकरी टिकली ना," आई म्हणाली, "मग आता बोलायचं कशाला ते?"

धाकटीने फोन ठेवला आणि सभागृहातल्या आपल्या खुर्चीत बसून रडली. हळूच, खांदे न हलवता. समोर संचालक बोलत होते.

आणि तुम्हीही हे सगळं किती निमूट ऐकून घेतलंत. मधे एकदाही उठून 'अहो, पण त्या पोरीचं काय?' म्हणून विचारलं नाहीत. विभागाला असेच श्रोते लागतात. आता जरा वाकून बघा. तुमच्या खुर्चीखाली एव्हाना चांगला मोठा खडा जमला असेल.