कोटाची संमती

"आज शेवटचा ठराव होईपर्यंत माझ्या बैठकीतून एक माणूस बाहेर पडणार नाही! लिहून घ्या!" आक्कांनी चहाचा कप बशीवर असा काही आपटला, की नवऱ्याच्या वर्तमानपत्रावर चहाचे एक बेटच उमटले.

"लिहून घेतो," नवरा म्हणाला. "पण माणसांना बाथरूमला जावं लागतं, हेही खाली लिहितो."

"त्यासाठी चहाची सुट्टी ठेवलीये. मी सगळा विचार केलाय!"

आक्कांनी सगळा विचार केला आहे म्हटले, की नवरा टॉर्च आणि औषधाची पेटी जागेवर आहेत का ते गुपचूप बघून यायचा. आजही तो उठलाच.

त्याची चूक नव्हती. आक्का आठवडाभर झोपेतही ठराव वाचत होत्या. संगणकाला कामे सांगण्याच्या ज्या भाषा असतात, त्यांतल्या एका जुन्या भाषेच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या आक्का अध्यक्ष होत्या. एकच प्रोग्राम इकडच्या यंत्रावर एक उत्तर देतो आणि तिकडच्या यंत्रावर दुसरे, असे होऊ नये म्हणून देशोदेशीचे लोक एकत्र बसून त्या भाषेचा एक प्रमाणग्रंथ लिहितात आणि दर काही वर्षांनी तो झाडूनपुसून पुन्हा मंजूर करतात. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात या समितीने एका स्वल्पविरामाचा वाद एका देशात सुरू करून, दुसऱ्या देशात वाढवून, तिसऱ्या देशात मिटवला होता!

आक्का पहिल्यांदा या समितीत आल्या तेव्हा सगळ्यांत लहान होत्या. तेव्हा यंत्र म्हणजे अख्खे दालन असायचे आणि प्रोग्राम म्हणजे भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. जिन्यात गठ्ठा सुटला, की माणूस तिथेच पायरीवर बसून रडायचा. समितीचे टेबल तेव्हा इतके लांब, की त्या टोकाचा विनोद या टोकाला पोचेपर्यंत शिळा व्हायचा. मग नव्या भाषा आल्या, एकेक देश उठून गेला, आणि टेबलाशी खुर्च्याच जास्त उरल्या.

"आई, त्या भाषेत आता कुणी बोलतं तरी का गं?" परवाच लेकीने विचारले होते. लेक दवाखान्यात परिचारिका.

"बोलत नाहीत, यंत्रं राबतात! तुझ्या रोग्यांना थेंब थेंब औषध सोडणारा तो पंप कुठल्या भाषेत चालतो, जा विचार!"

पण मुख्यालयाला कोण सांगणार? त्यांचा नियम असा, की टेबलाशी निदान पाच देश हवेतच. मागच्या खेपेला पाचव्या देशाचा माणूस विमान गाठायला मधूनच पळाला आणि सगळी आवृत्ती लटकली. मुख्यालयाने कळवले, पुन्हा असे झाले तर समिती बंद आणि ग्रंथ रद्द. उभ्या आयुष्याचे काम कचऱ्यात! आणि आज बरोबर पाचच देश येणार होते, आक्का धरून. एक कमी झाला की संपले.

"आजचा दिवस पार पडू दे," निघताना आक्का म्हणाल्या. "मग राजीनामा. मग तुम्ही, मी आणि ते तळ्याकाठचं घर."

"तिकिटं काढलीत मी," नवरा म्हणाला. "या वेळी नक्की ना?"

"नक्की म्हणजे नक्की!"

बैठक होती वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, शेवटच्या खोलीत. ग्रंथपालबाईंनी किल्ली देताना तीनदा बजावले, "आवाज नको!" आक्का मनात म्हणाल्या, बाई, तुम्ही हरकतरावांना पाहिलेले नाही.

हरकतराव म्हणजे उंच, वाळके, आणि जन्मतःच असहमत. "सुप्रभात" म्हटले तरी ते घड्याळाकडे बघून खात्री करायचे. आक्कांनंतर अध्यक्षपद त्यांनाच मिळायचे होते. त्यांच्या शेजारी जोडगोळी, म्हणजे शेजारशेजारच्या देशांतले दोन गोल गृहस्थ. ते एकत्र यायचे, एकत्र डुलकी काढायचे आणि एकदमच मान डोलवायचे. टेबलाच्या पार टोकाला, खिडकीकडे तोंड करून, मौनीबाबा. बुटके, कॉलर वर केलेला करडा कोट, डोक्याला टोपी. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून शब्द म्हणून फुटला नव्हता. त्याची गरजही पडली नव्हती, कारण या समितीत हात वर करायची पद्धत नाही. अध्यक्ष विचारतात, "कुणाची हरकत?" कुणी बोलले नाही की संमती! मौनीबाबा म्हणजे आदर्श सभासदच.

काम सुरू झाले. ग्रंथात तीन शब्द फार जपून वापरायचे असतात. यंत्राने एखादी गोष्ट केलीच पाहिजे तर ‘लागेल’, केलेली चांगली तर ‘बरे’, केली काय न केली काय, तर ‘चालेल’. या तीन शब्दांवरून समितीत मैत्र्या तुटल्या होत्या. चहापर्यंत पाने हलली ती मुंगीच्या पावलांनी. आक्कांचा एक डोळा पानावर, एक दारावर.

"हा जुना नियम काढून टाकू," जोडगोळीतला डावा म्हणाला. "कुणी वापरत नाही."

"कुणीतरी वापरत असेल!" आक्का आणि हरकतराव एकदम ओरडले. त्यांचे एकमत व्हायचे ते या एका वाक्यावर. जुने प्रोग्राम मोडायचे नाहीत म्हणजे नाहीत!

चहा झाला. आक्कांनी डोकी मोजली. हरकतराव, जोडगोळी, टोकाला कोट आणि टोपी, आणि आपण. पाच! त्यांनी पटकन दाराला कुलूप घातले. त्या घाईत किल्ली जरा जास्तच पिळली गेली आणि कट् करून तिची मूठ हातात आली. पाते कुलपातच राहिले!

आक्कांनी मूठ चुपचाप पर्समध्ये टाकली. आधी ठराव, मग दार.

आणि काय सांगावे, चहानंतर गाडी सुसाट सुटली! सगळ्यांना संध्याकाळची विमाने गाठायची होती. "कुणाची हरकत?" शांतता. "मंजूर!" "कुणाची हरकत?" शांतता. "मंजूर!" आक्कांचा राजीनामा आणि आभाराचा ठरावही त्यातच मंजूर झाला. हरकतरावांनी तेवढ्यात टायसुद्धा सारखा केला. उरला फक्त शेवटचा, अख्ख्या आवृत्तीचा ठराव.

"नियमाप्रमाणे हजेरी घ्या," हरकतराव म्हणाले.

"घेते. मौनीबाबा?"

शांतता.

"म्हणजे हजर," उजवा म्हणाला.

"झोपले असतील," म्हणत हरकतराव उठले आणि त्यांनी करड्या खांद्यावर थाप मारली. खांदा आत गेला. टोपी टेबलावर पडली. कोट खुर्चीवरून घरंगळत खाली बसला.

"अहो, हे वितळले!" डावा किंचाळला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. अगदी हळू. जणू ठोठावणाऱ्यालाच संकोच वाटत होता.

आता आक्कांच्या ध्यानात आले. मौनीबाबा चहाच्या सुट्टीत बाथरूमला गेले होते आणि बंद दार बघून संकोचाने बाहेरच उभे राहिले होते. आणि इतका वेळ पाचवा देश म्हणून बसला होता तो कोट!

"चहानंतरचे सगळे ठराव रद्द!" हरकतराव गरजले. "कपड्यांना मताधिकार नाही!"

"उघडा ना मग दार!" उजवा म्हणाला.

आक्कांनी पर्समधून किल्लीची मूठ काढून टेबलावर ठेवली. कुणीच काही बोलले नाही. पण ही शांतता संमतीची नव्हती, एवढे आक्कांना कळले.

बाहेरून ग्रंथपालबाईंचा आवाज आला. "कोण दार बडवतंय? इथं लोक वाचतायत!"

"बाई, किल्ली तुटली! कुलूपवाल्याला बोलवा!"

"फोन करते. पण तो दोन तास तरी येत नाही. मागच्या वेळी पण असंच केलं त्यानं."

दोन तास! तोवर विमाने ढगांत! आक्कांच्या डोळ्यांपुढे ते लांब टेबल आले, एकेक खुर्ची रिकामी होत गेलेले. आणि शेवटची खुर्ची त्यांनी स्वतःच्या हाताने कुलूप लावून बाहेर ठेवली होती!

मग त्यांचे लक्ष वर गेले. दारावर काचेची एक झडप होती, हवेसाठी. "मौनीबाबा!" त्या ओरडल्या. "बाहेर पुस्तकांची शिडी आहे ना? चढा!"

"ती शिडी पुस्तकांसाठी आहे!" ग्रंथपालबाई बाहेरून.

"त्यांच्या हातात एक पुस्तक द्या!"

चाकांची शिडी कुरकुरत आली, आणि झडपेतून मौनीबाबांचे डोके आत आले. लालबुंद, टोपीविना, अगदी बाळासारखे.

"हे हजर धरायचे का?" डावा. "पाय बाहेर आहेत."

"नियमात ‘खोलीत हजर’ आहे. ‘पायांसकट’ नाही," उजवा म्हणाला. त्यांच्यात फूट पडल्याचे प्रथमच दिसले.

सगळे हरकतरावांकडे बघू लागले. हरकतरावांनी डोक्याकडे खालून पाहिले, बाजूने पाहिले.

"मत डोक्याने द्यायचे असते," ते म्हणाले. "डोके आत आहे. धरा हजर."

आक्कांना त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण वेळ नव्हता. पुन्हा सगळे ठराव! "कुणाची हरकत? मंजूर! कुणाची हरकत? मंजूर!" वरून मौनीबाबांचा घाम थेंब थेंब टेबलावर पडत होता. आला शेवटचा ठराव.

"नवीन आवृत्ती. कुणाची हरकत?"

"थांबा!"

आवाज वरून आला होता.

"अहो, ते मला म्हणतायत!" बाहेरून ग्रंथपालबाई कळवळल्या. "शिडी जरा सरकवली हो मी!"

"हो ना, मौनीबाबा? त्यांनाच म्हणालात ना?" आक्का अक्षरशः हात जोडून म्हणाल्या.

"आधी त्यांना म्हणालो," मौनीबाबा म्हणाले. त्यांचा आवाज कधी न वाजवलेल्या पेटीसारखा चिरका होता. "पण आता तोंड उघडलंच आहे तर... माझी हरकत आहे."

आक्कांनी पेन खाली ठेवले.

"बारावं पान. बेरीज यंत्रात मावण्याइतकी राहिली नाही, तर यंत्रानं तसं सांगितलं तरी ‘चालेल’, असं लिहिलंय. तिथे ‘लागेल’ हवं."

"जुने प्रोग्राम मोडतील!" हरकतराव उसळले.

"मोडणार नाहीत. बोलतील." मौनीबाबांनी झडपेच्या चौकटीवर हनुवटी टेकली. "चुकतंय आणि गप्प बसलंय, असं यंत्र फार वाईट. सगळे समजतात, ठीक चाललंय. मला माहीत आहे. चार आवृत्त्या मी हेच मनात धरून बसलोय, आणि दर वेळी तुम्ही म्हणता, मंजूर!"

आक्कांना लेकीच्या दवाखान्यातला पंप आठवला, थेंब थेंब. त्यांनी पेन उचलले, ‘चालेल’वर काट मारली आणि ‘लागेल’ लिहिले. मग हरकतरावांकडे वळून म्हणाल्या, "बोला. आणि या वेळी प्रत्येकाने तोंडाने बोलायचंय."

हरकतरावांनी टाय सैल केला. "नाही हरकत," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच!

"नाही," "नाही," जोडगोळी.

"नाही!" वरून आवाज आला, आणि लगेच, "आता पायात पेटका आलाय हो, उतरवा!"

मंजूर! आक्का रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. कुलूपवाला अर्ध्या तासातच उगवला आणि मौनीबाबा कोट घालून निघाले, ते जिनाभर बोलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का बॅग भरत होत्या. नवरा तळ्याकाठच्या घराची किल्ली चार चार वेळा खिशात चाचपत होता. आणि फोन वाजला. हरकतराव!

"आक्का, रात्रभर झोप नाही मला. काल आपण पुन्हा सगळे ठराव घेतले. एक राहिला."

"कुठला?"

"तुमच्या राजीनाम्याचा. त्याला फक्त कोटाची संमती आहे. म्हणजे तो रद्द."

"अहो, पण त्यात तुमचं अध्यक्षपद होतं!"

"माहीत आहे," हरकतराव खोल आवाजात म्हणाले. "पण नियम तो नियम. पुढची बैठक तुम्हीच घ्यायची. तुम्ही तळ्याकाठी असाल ना, नेमक्या त्याच तारखांना."

आक्कांनी फोन ठेवला. नवऱ्याने सगळे ऐकले होते. त्याने खिशातली किल्ली काढून बॅगेवर ठेवली.

"म्हणजे तिकिटं रद्द करायची," तो म्हणाला. "कुणाची हरकत?"

आक्कांनी बॅगेतून एक साडी काढली, घडी मोडली, पुन्हा घातली, खिडकीबाहेर बघितले.

आणि एक शब्द बोलल्या नाहीत.