आठ तास विनाथांबा

रविवारी सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी अतुलच्या बैठकीच्या खोलीतल्या टीपॉयवर नऊ वस्तू होत्या: पूर्ण चार्ज केलेले दोन कंट्रोलर, पाण्याच्या दोन बाटल्या, केळ्यांची एक फणी, चिक्कीचे एक पाकीट, एक स्टॉपवॉच, एक पेन आणि एक कागद. कागदावर दहा मिनिटांची विभागणी केलेली होती. बाथरूम तीन वेळा, प्रत्येकी दोन मिनिटे. चहा एक मिनिट. फोन एक मिनिट. राखीव दोन मिनिटे. गच्चीवरच्या टाकीत नव्वद लिटर पाणी होते, पण ते कागदावर नव्हते.

निशाने कागद उचलून वाचला. "अन् मी?"

"तू काय?"

"मला किती मिनिटं दिलीस?"

"तू राखीवमध्ये."

निशाने कागद होता तसा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्त आला. अतुलने टीव्हीचा आवाज दोन अंकांनी वाढवला आणि बरोबर आठ वाजता शर्यत सुरू केली.

शर्यत सोळा गाड्यांची आणि आठ तासांची होती. आठ तास म्हणजे घड्याळाचे खरे आठ तास. गेम बनवणाऱ्यांनी त्यात सगळे दिले होते. धुके, टायरची झीज, पेट्रोल संपणे, काचेवर चिकटणारे किडे. फक्त मध्ये सेव्ह करायची सोय दिली नव्हती. सगळे मिळून दहा मिनिटे थांबता येत असे, त्यापुढे एक सेकंद झाला तरी शर्यत बाद. अतुलने कंपनीला याबद्दल दोन पानी ईमेल लिहिले होते. माणसाला जेवण असते, नोकरी असते, दारावर कोणी येते, तेव्हा तीन तासांहून लांब शर्यतीत निदान दोन वेळा सेव्ह असावे, असे त्याने तक्त्यासह मांडले होते. उत्तरात कंपनीने त्याच्या उत्साहाबद्दल आभार मानले होते.

अतुल वाळूजच्या एका प्रयोगशाळेत वजने आणि मापे तपासण्याच्या नोकरीत होता. फिजिक्समध्ये एमएस्सी झालेला, काही मोजल्याशिवाय विश्वास न ठेवणारा. गेम त्याला फार आवडायचा असेही नव्हते. हे सगळे साडूमुळे चालले होते.

साडू म्हणजे निशाच्या थोरल्या बहिणीचा, रत्नमालाचा, नवरा राजकुमार. त्याचे औरंगपुऱ्यात चष्म्यांचे दुकान आणि हर्सूलला घर होते. सहा आठवड्यांपूर्वी सासरी जेवताना तो सहज बोलावे तसा म्हणाला होता, "अण्णा, परवा आठ तासांची रेस पूर्ण केली. तिसरा आलो."

सासरे कडुबा यांनी तेहतीस वर्षे एसटी चालवली होती. त्यांचा घास हातातच राहिला. "आठ तास? अन् थांबा कुठं घेतला?"

"थांबाच नाय अण्णा. मधी सोडली तर पहिल्यापासून."

"म्हणजे विनाथांबा!"

"सेव्ह द्यायला पाहिजे तसल्या रेसमध्ये," अतुल मध्येच म्हणाला. "लोकांना कामं असतात."

"सेव्ह दिल्यावर काय राहिलं, अतुलराव?" राजकुमारने भाकरी मोडली. "आज एक तास, उद्या एक तास. त्याला रेस नाय म्हणत, रतीब म्हणत्यात."

सगळे हसले. निशासुद्धा हसली. मग कडुबा हात धुऊन आत गेले आणि कपाटातून आपला पितळी बिल्ला घेऊन आले. पंचवीस वर्षे विनाअपघात गाडी चालवल्याबद्दल मिळालेला. तो त्यांनी आजवर कोणाला हातात धरू दिला नव्हता. त्यांनी तो राजकुमारच्या शर्टाला लावला आणि म्हणाले, "ह्याच्यापुढं जो जाईल, त्याच्याकडं जाईल. तोवर सांभाळा."

त्या दुपारी राजकुमारने बिल्ल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर लावला. अतुलने तो पहिल्याच दिवशी एकोणीस वेळा उघडून पाहिला. फोटोत बिल्ला डावीकडे साधारण सात अंश कललेला होता, आणि हे दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हते. अतुलला रात्री झोप लागली तरी सकाळी जाग त्या सात अंशांनीच यायची. बिल्ला मिळवायचा तर दुसरे किंवा पहिले यायला हवे होते.

सरावाचे सहा आठवडे फुकट गेले नाहीत. साडेबारा वाजता अतुल दुसऱ्या स्थानावर होता. दहापैकी साडेपाच मिनिटे संपली होती, तीन केळी संपली होती, आणि मनातल्या मनात त्याने बिल्ला शर्टाच्या खिशावर बरोबर आडव्या रेषेत लावून पाहिला होता. तेवढ्यात दार वाजले. निशाने उघडले.

"जयभीम, जयभीम," कडुबा आत आले. मागे रत्नमाला होती आणि तिच्यामागे राजकुमार. त्याच्या शर्टावर बिल्ला होता.

"म्हटलं प्रत्यक्षच बघावं," राजकुमार सोफ्यावर टेकला. "उद्या कोणी म्हणायला नको, साक्षीदार नव्हता म्हणून. चालू द्या, चालू द्या. कितवा नंबर?"

"दुसरा," अतुल मान न वळवता म्हणाला.

राजकुमारचा हात बिल्ल्याकडे गेला. "अजून साडेतीन तास हायेत," तो म्हणाला, आणि केळे सोलून खाऊ लागला. आता केळ्यांची मोजणी चुकली होती.

कडुबा खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "अतुलराव, त्या कोपऱ्यात चोवीस काय लिहिलंय?"

"ते... धडका आहेत, अण्णा. किती वेळा गाडी घासली त्याचा आकडा."

"चोवीस?" कडुबांनी पुन्हा वाचून खात्री केली. "चोवीस पंचनामे!"

अतुलचे लक्ष ढळले आणि आकडा पंचवीस झाला.

एक वाजून बत्तीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरच्या सारजाबाईंनी जिन्यात उभे राहून आरोळी दिली, "पाणी आलंऽऽ! निशाऽऽ, नळाला पाणी आलंऽऽ!"

"अशक्य," अतुल म्हणाला.

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत नळाला आठ दिवसांनी पाणी यायचे आणि पाऊण तास टिकायचे. अतुलने मागच्या चौदा खेपांची नोंद ठेवली होती. सरासरी काढली होती. मागचे पाणी गुरुवारी आले होते, म्हणजे रविवारी येण्याची शक्यता शंभरात दोनसुद्धा नव्हती. कुठल्या तरी जलवाहिनीचे काम वेळेआधी पूर्ण होईल, ही शक्यता त्याने धरलीच नव्हती.

निशा स्वयंपाकघरातून मोटारीची वायर घेऊनच बाहेर आली. "ऊठ. मी खाली मोटारीपाशी जाते, तू गच्चीवर पाइप धर."

"निशा, दुसरा नंबर आहे! सेव्ह नाही होत यात!"

"गुरुवारी पण तू हेच म्हणालास. प्रॅक्टिस चालू होती तुझी. टाकीत दोनशे लिटर आलं फक्त, अन् चार दिवस मी मापानं अंघोळ करायलीय. आता टँकर मागवायचा का तुझ्या बिल्ल्यासाठी?"

एवढे बोलून ती जिना उतरली. पाइपचे तोंड टाकीत टिकत नसे. हात काढला की सगळे पाणी शेजारच्या पत्र्यावर. म्हणजे गच्चीवर एक माणूस लागणारच होता. अतुलने राजकुमारकडे पाहिले.

"माझा गुडघा," राजकुमार लगेच म्हणाला. "तीन जिने नाय व्हायचे. पण तुमची गाडी धरतो की मी! द्या इकडं. काळजीच करू नका."

त्याचा चेहरा पाहून अतुलने कंट्रोलर छातीशी धरला. थांबायची उरलेली वेळ तीन मिनिटे पन्नास सेकंद होती, आणि पाणी पाऊण तास. रत्नमाला पोळ्या लाटत होती. उरले कडुबा.

"अण्णा, हे बटण दाबलं की पळते. हे ब्रेक. याच्यानं वळते. फक्त दुसरा नंबर सांभाळा."

कडुबांनी कंट्रोलर दोन्ही हातांत घेतला, चष्मा नीट केला आणि पाठ ताठ केली. "हॉर्न कुठं हाय?"

"हॉर्न नाही यात!"

"हॉर्न नाय अन् आठ तास चालवायची?" ते पुटपुटले. अतुल पळाला. कोपऱ्यातला आकडा तेव्हा सत्तावीस होता.

गच्चीवर ऊन होते आणि पाइपला जोर चांगला होता. खालून निशा ओरडत होती, "भरलं का?" आणि अतुल ओरडत होता, "चारशे!" घराच्या उघड्या खिडकीतून बैठकीतले आवाज वर येत होते.

"अण्णा, दाबा की! किती हळू?"

"अठ्ठेचाळीसवर हाय. पुढं वळण हाय."

"मागून गाडी यायलीय!"

"व्हय, दिसायली. जाऊ दे तिला. ज्याला घाई त्याला वाट द्यायची."

"अण्णा, दुसरी पण गेली!"

"जाऊ दे."

राजकुमारच्या आवाजात काळजी होती, पण ती काळजी हसू दाबताना होते तशी होती. अतुलने ती तीन मजल्यांवरून ओळखली. "सहाशे!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला.

दोन वाजून वीस मिनिटांनी पाणी गेले. अतुलने टाकीत काठी बुडवून खूण पाहिली, नऊशे सत्तर लिटर. मग तो एका वेळी दोन पायऱ्या गाळत खाली आला. शर्ट चिंब झाला होता. स्क्रीनवर स्थान होते सोळावे. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने, वळणावर चाळीसच्या वेगाने, अत्यंत सभ्यपणे चालली होती.

"अण्णा, द्या आता."

"नाय."

"अहो, दीड तास उरलाय अजून!"

"म्हणूनच. चालत्या गाडीत ड्रायव्हर बदलत नसत्यात, अतुलराव. बदलायचा तर डेपोत. बसा."

अतुल बसला. शेजारी राजकुमारने त्याच्याकडे एक केळे सरकवले. "वाईट झालं," तो म्हणाला. "माझ्या टायमाला असं काय झालं नव्हतं म्हणा. पण नशीब लागतं. बसायची चिकाटी पण लागती."

कडुबांची नजर रस्त्यावरच होती. "राजकुमारराव, तुमच्याकडं त्या दिवशी पाणी नव्हतं का आलं?"

"आमच्याकडं? नाय... म्हणजे..."

"आलं होतं की," स्वयंपाकघराच्या दारातून रत्नमाला म्हणाली. "मंगळवार होता. दुकान बंद ठेवून बसले होते. दोन तास वीस मिनिटं झाली अन् पाणी आलं."

"मग गच्चीवर कोण गेलं?" कडुबांनी विचारले.

"हे गेले."

"अन् गाडीवर कोण होतं?"

रत्नमालाने हाताचे पीठ झटकले. "मीच. हे म्हणले, अर्धा तास धर. वर गेले, पाणी भरलं, खाली आले, अन् दमले म्हणून जे पडले ते पाच वाजता उठले. मी सोडली असती तर पहिल्यापासून करा म्हणले असते, पुन्हा एक दिवस दुकान बंद. म्हणून म्हटलं, उरकून टाकावं."



"किती तास?" अतुलने विचारले. त्याला आकडा हवा होता.

"पाच तास चाळीस मिनिटं. मधी वरण टाकलं कुकरला."

"अन् धडका?" कडुबांनी विचारले.

"माझ्या हातात आली तवा सोळा होत्या. संपली तवा सतरा. ती एक शिट्टी झाली तवा दचकले."

"एक माफ," कडुबा म्हणाले. डोळे स्क्रीनवर ठेवून त्यांनी मान किंचित राजकुमारकडे झुकवली. "काढा."

राजकुमारने बिल्ला काढला. पिन एकदा बोटाला टोचली. रत्नमालाने तो पदरावर लावला. तो अगदी सरळ बसला. अतुलने नीट निरखून पाहिले, एक अंशही कलला नव्हता.

अतुलला चार मिनिटे फार बरे वाटले. राजकुमारचा चेहरा पाहत तो ते केळेही खाऊन संपवणार होता. मग त्याला आठवले की आता पुढे जायचे तर रत्नमालाताईच्या पुढे जावे लागेल, आणि त्यांनी मध्ये वरणही केले होते. केळे अर्धेच राहिले. शेजारी राजकुमारही पदराकडेच पाहत होता. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच दोघे साडू एकाच दिशेला पाहत होते.

"सेव्ह पाहिजे राव त्यात," राजकुमार हळूच म्हणाला. "सेव्ह असतं तर मी उठून माझी मीच केली असती."

"मी ईमेल पाठवलंय त्यांना," अतुल म्हणाला.

"मला पण पाठवा. मी पण सही करतो."

तेवढ्यात निशा वायर गुंडाळत वर आली. जिन्यात तिला सगळे ऐकू आले होते. तिने एकदा बहिणीच्या पदराकडे पाहिले. पाहणे थोडे लांबले. मग ती टीपॉयपाशी आली, कागद आणि पेन उचलले आणि "राखीव" या शब्दावर काट मारली.

"ताईनं पाच तास चालवली," ती म्हणाली. "मी पुढच्या रविवारी आठ चालवते. सगळे. पाणी आलं तर गच्चीवर तू, मोटारीपाशी दाजी."

"माझा गुडघा..." राजकुमार म्हणाला.

"मोटार खालीच हाय, दाजी."

"गप बसा रे, घाट लागलाय," कडुबा म्हणाले, आणि त्यांनी वेग पस्तीसवर आणला.

थांब्यांची मिनिटे धरून चार वाजून सहा मिनिटांनी शर्यत संपली. कडुबांनी गाडी रेषेपलीकडे नेऊन डाव्या कडेला उभी केली, कंट्रोलर टीपॉयवर ठेवला आणि बोटे मोडली. निकाल स्क्रीनवर आला.

स्थान: सोळापैकी सोळावे. एकूण वेळ: आठ तास. एकूण धडका: सत्तावीस.