लातूरचा ल, लग्नाचा ल

“धम्मदीप, तू आवाज काढू नको रे बाबा. नुस्ते व्हट हलव.”

साहेबराव गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा धम्मदीप चौथीत होता आणि सव्वीस जानेवारी दोन दिवसांवर आली होती. गुरुजी रागावले नव्हते. उलट डोक्यावरून हात फिरवून, लिमलेटची गोळी हातात ठेवून त्यांनी ते सांगितलं होतं, म्हणूनच ते काळजात जाऊन बसलं. तेव्हापासून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षापर्यंत राष्ट्रगीत असो, वंदना असो की कुणाचा पाळणा, धम्मदीपनं चारचौघांत सगळीकडं इमानदारीनं नुसते ओठ हलवले.

आतलं गाणं मात्र गुरुजींना ठाऊक नव्हतं आणि ते काही थांबलं नाही. अर्धापूरच्या कचेरीत फायलींना सुतळी आवळता आवळता त्याला ओव्या सुचत. अशाच एका दुपारी त्याला दोन ओळी सुचल्या:

माय वाही भारा, डोईवर ऊन,
भीमानं दिली पाटी, सावली म्हणून.

त्या ओळी पोटात राहीनात. त्याच आठवड्यात लातूरच्या स्पर्धेचं पत्रक हाती पडलं. पन्नाशीपुढच्या हौशी गायकांसाठी भीमगीत स्पर्धा, गीत स्वतःचं, वाद्य स्वतःचं, फेटा सक्तीचा. धम्मदीपनं मन बदलायच्या आत अर्ज भरला. निळा फेटा आणला, खंजिरी आणली आणि घरी सांगितलं, “लातूरला ट्रेनिंग हाय. आपत्ती व्यवस्थापनाचं. जावंच लागतं.”

खरं सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती, कारण महामाया. त्याची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायची आणि लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा ऱ्हस्वदीर्घ तपासायची. चारशे लोक हसले तरी धम्मदीप पचवून जेवला असता. पण महामाया नुसती गालात हसली, तर पुन्हा उभ्या जन्मात ओठसुद्धा हलणार नव्हते.

ट्रेनिंगची तारीख ऐकून तिनं कपाळाला हात लावला. “सरकारला हाच दिस घावला का? त्या दिवशी भोकरला आपल्या धम्मप्रियाचं लगीन हाय! माझ्या भावाची एकुलती एक लेक!”

“संध्याकाळपर्यंत पोचतो ना मी.”

“पोचा. उष्ट्या पत्रावळ्या मोजायला.”

मग दोन्हीकडचं सामान तरी नीट वेगळं राहावं म्हणून तिनं स्वतःच वाट काढली. हल्ली ती मोबाइलवर सामान भरायचे व्हिडिओ बघायची. बॅगेच्या आत ठेवायच्या चेन लावलेल्या चौकोनी पिशव्या, त्यांना म्हणतात पॅकिंग क्यूब. प्रवास जसा, तसा क्यूब. रविवारी ती नवऱ्याला घेऊन नांदेडच्या बाजारात महांतेशच्या बॅगेच्या दुकानात गेली.

महांतेशनं काउंटरवर रंगांची रास ओतली. “मॅडम, हा हिरवा बघा, फिरायला जाणारांचा. धा कपडे दाबून बसतात. हा गुलाबी, लगीनकार्याचा, साडीची घडी मोडत न्हाई. आन् सरांसाठी हा काळा, हापिसच्या दौऱ्याचा. सगळ्याला वरून जाळी. आत काय हाय ते न उघडता दिसतं.”

धम्मदीपनं काळा क्यूब हळूच मागं सारला. जाळीतून दिसणारा निळा फेटा त्याला डोळ्यांपुढं दिसला. “बिनजाळीचा हाय का?”

“सर, जाळी हीच तर याची खुबी हाय.”

“तरीबी. कपड्याला हवा लागू नये. मला... मला धुळीची तकलीफ हाय.”

महामायानं चष्म्यावरून पाहिलं. “चोवीस वर्षं झाली लग्नाला, धूळ आजच निघाली का?”

बिनजाळीचे सहा क्यूब निघाले. सहाही राखाडी, एका आईच्या पोटचे असल्यासारखे सारखे. धम्मदीपनं ते छातीशी धरले आणि महांतेशनं पिशवी द्यायच्या आत पायऱ्या उतरला.

घरी त्याच्या आईनं, पारूबाईनं, एक क्यूब दाबून पाहिला. “ह्याला आमच्या टायमाला बोचकं म्हनत हुते, माय. तवा गाठ मारत हुतो, आता चेन आली, इतकाच फरक.”

“आत्याबाई, सगळे एकसारखे हायत. वर नाव लिहावं लागतंय,” महामाया म्हणाली. तिनं धम्मदीपच्या क्यूबवर कागद चिकटवून ठसठशीत ‘ल’ काढला. लातूरचा ल.

आता पारूबाई साक्षरतेच्या वर्गात जाऊन सत्तराव्या वर्षी अक्षर शिकली होती आणि तिला लिहायची संधी दुसऱ्या कुणी घेतलेली खपत नव्हती. सूनबाई गॅसपाशी गेल्यावर तिनं आपला आणि सुनेचा लग्नाचा क्यूब मांडीवर घेतला. जिभेचं टोक बाहेर काढून, श्वास रोखून, तिनंही एक अक्षर काढलं. लग्नाचा ल. चांगला आला म्हणून त्याला वेलीसारखी शेपूटही काढली.

लग्नाच्या पहाटे धम्मदीपनं दार लोटून क्यूब भरला. फेटा दाबला, खंजिरी बनियनमध्ये गुंडाळून त्यात खुपसली. चेन ओढली की आतली खंजिरी ‘छुन्’ करायची. तो खोकायचा. पुन्हा छुन्, पुन्हा खोकला.

“घुंगरू कशाचं वाजून राहिलं?” बाहेरून महामाया.

“चाव्या हायत.”

“आन् खोकला?”

“धूळ.”

अंगणात ऑटोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता. बाजेवर त्यानं आणून ठेवलेला आणि लग्नाचा, असे दोन राखाडी क्यूब शेजारी शेजारी पडले होते. धम्मदीपनं ‘ल’ पाहिला, उचलला, बॅगेत टाकला आणि सहाची एसटी गाठली. शेपटीकडं बघायची फुरसत कुणाला होती?

लातूरच्या हॉलमध्ये साडेअकराला त्यानं चेन उघडली. आतून महामायाची अंजिरी साडी निघाली, हिरव्या काठाची, खास भाचीच्या लग्नाला घेतलेली. तिच्याखाली दोन ब्लाउज, पारूबाईचा परकर आणि तिचा पितळी पानाचा डबा. धम्मदीपनं क्यूब उलटा करून झटकला. दोन सुपाऱ्या पडल्या.

शेजारच्या खुर्चीवर निलंग्याचा गुरुलिंग फेट्याला टाचण्या लावत होता. त्यानं सगळं शांतपणे पाहिलं. “पाव्हणं, गायला आलाव का नांदायला?”

“अदलाबदल झाली हो! फेटा भोकरला गेला. आन् फेट्याबगर स्टेजवर घेत न्हाईत.”

“मग रडून काय हुतंय? फेट्याला कापड लागतंय. कापडाला थोडंच ठाव हाय आपण साडी हाव का काय हाव? या हिकडं.”

गुरुलिंगनं साडीचं टोक धम्मदीपच्या दातात दिलं आणि त्याच्याभोवती गरागरा फिरला. डोक्यावर अंजिरी डोंगर उभा राहिला, हिरवा काठ कपाळावरून वळला आणि पदर तुऱ्यासारखा मागं फाकला. तोल सांभाळायला मान ताठ धरावी लागत होती. “वाद्य?” गुरुलिंगनं विचारलं. धम्मदीपनं पानाचा डबा बोटांनी वाजवून पाहिला. आतल्या अडकित्त्यानं बरी साथ दिली.

तेवढ्यात फोन वाजला. महामाया.

“अहो, माझी साडी कुठं हाय?”

साडी त्या क्षणी त्याच्या दोन्ही कानांवर होती, त्यामुळं त्याला नीट ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. “ती... ती हाय. एकदम सुरक्षित. वर ठेवलीय.”

“आन् हे निळं कापड काय हाय? उलगडून उलगडून आम्ही बेजार झालो. मांडवाच्या त्या टोकाला गेलंय.”

“ट्रेनिंगचं हाय. पूर आल्यावर माणसं बांधून वढायला.”

“जरीकाठाचं?”

“सरकारी खरेदी हाय, महामाया. आपण काय बोलावं?”

“आन् खंजिरी?”

धम्मदीपनं डोळे मिटले. “धोक्याचा इशारा. गावात लाइट गेली की भोंगा वाजत न्हाई. मग ही वाजवायची.”

पलीकडं पारूबाईचा आवाज आला, “माया, त्याला खामखा तरास देऊ नको. उभी ऱ्हा निस्ती, म्या नेसवते.” मग कापडाचा सळसळाट झाला आणि दोनदा छुन् वाजलं.

“आत्याबाईंनी मला तेच कापड नेसवलं,” महामाया दात आवळून म्हणाली. “पाऊल उघडं पडून राहिलं. आन् सगळ्या बायका भवताल्या जमून इचारून राहिल्या, इलकल हाय का नारायणपेठ. माझी सख्खी भावजय म्हणते, वन्सं, आमालाबी अशीच घ्या. काय सांगू मी त्यांना? पुरातली हाय म्हणून?”

“सांग की... मर्यादित साठा हाय.”

“अहो, तुम्ही खरं...”

नेमका त्याच वेळी हॉलमधला लाऊडस्पीकर खरखरला. “यानंतर स्पर्धक क्रमांक अकरा! नांदेडचे भीमगीत गायक धम्मदीप यांनी आपल्या वाद्यासह मंचाजवळ यावं!”

हाक फोनमधून थेट भोकरला पोचली. भोकरच्या मांडवात कुणीतरी ‘मंगल परिणयाला वेळ झाली’ म्हणून ओरडत होतं, तेही इकडं ऐकू येत होतं. धम्मदीपला वाटलं, आपत्ती व्यवस्थापनाचं खरोखरच एखादं ट्रेनिंग घेऊन ठेवायला पाहिजे होतं.

गुरुलिंगनं त्याच्या पाठीला कोपर लावलं. “चला की.”

“महामाया,” धम्मदीप म्हणाला. त्याचा आवाज चौथीतल्या पोरासारखा बारीक झाला होता. “ट्रेनिंग न्हाई. गायला आलोय मी. स्वतःचं गाणं हाय. तू हसशील म्हणून सांगितलं न्हाई. आन् तुझी साडी माझ्या डोक्यावर हाय.”

ती हसली नाही. रागावलीही नाही. आसपासच्या बायकांपासून दूर गेली असावी, कारण मांडवाचा गलका कमी झाला आणि तिचा श्वास ऐकू यायला लागला.

“स्पर्धक अकरा! शेवटची हाक!”

“जाऊ का?” त्यानं विचारलं.

“थांबा. माझंबी एक सांगायचं हाय.” ती क्षणभर अडखळली; वर्गात कधी अडखळली नसेल तशी. “न्हाणीत नळ मोठा सोडून तुम्ही गाता ना रोज, ते मला पयल्या वर्षापासून ठाव हाय. त्या टायमाला मी मिक्सर लावत न्हाई. कुकरची शिट्टी होऊ देत न्हाई. दाराशी उभी ऱ्हाते. बोलले न्हाई, कारण बोलले असते तर तुम्ही गाणंच बंद केलं असतं.”

धम्मदीपच्या डोक्यावरचा अंजिरी डोंगर किंचित कलला. त्यानं तो सावरला नाही.

“पण निम्मे शब्द पाण्यातच वाहून जातात हो,” ती म्हणाली. “चोवीस वर्षं झाली. एक गाणं पुरं ऐकाया मिळालं न्हाई. फोन चालूच ठेवा आन् वरच्या खिशात ठेवा. आज नळ न्हाई. मोठ्यानं म्हणा.”