नियोजित खरेदीदारास नोटीस

मी वकील नाही, पण लोणंदात सेतू केंद्र चालवतो. दाखले, वारस नोंदी, प्रतिज्ञापत्रं असे दिवसाला चाळीस कागद टाइप करणाऱ्या माणसाला कायदा वेगळा शिकावा लागत नाही. तो बोटांतून आपोआप डोक्यात चढतो! असं माझं मत होतं. होतं म्हणतोय, लक्षात घ्या.

तर मार्च महिन्यात एका सकाळी आमचे घरमालक नानासो दारात उभे. चेहरा असा, जणू माझ्याच मयताला आलेत.

"धनाजी, घर इकतोय बाबा. पोरगा पुण्याला बोलावतोय. आता दोनीकडचं न्हाई जमत मला."

आत आमची मंगल भाकरी थापत होती. थापायचा आवाज एकदम थांबला. मी मात्र चहाचा घोट घेऊन म्हणालो, "विका की नाना, खुशाल विका! पण अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला करार आहे आपला. त्यातले सात महिने बाकी आहेत. मालक कुणी का असेना, धनाजी इथनं हलत नाही!"

"आरं पण पार्टी पक्की झालीया. इसार बी घेतलाय."

"कोण पार्टी?"

नानासोंनी पत्र्याकडं बघायला सुरुवात केली. "माण तालुक्यातली हाय. मेंढरं इकून आल्यात. नाव इचारू नगंस, शब्द दिलाय मी."

मंगल पिठाच्या हातानं बाहेर आली. "आवं, आठ दिस गप ऱ्हावा. काय त्ये कळंलच."

"गप राहिल्यानंच लोकांची घरं जातात!" मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की केंद्रात गेल्यावर तिघांना ऐकवलं.

तरी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून माझा वर्गमित्र जयराज, जो खरोखरचा वकील आहे, त्याला करार दाखवला. त्यानं तो कुणा दुसऱ्या डॉक्टरचं औषध तपासावं तसा तपासला.

"गड्या, तू भाडेकरू न्हाईस."

"म्हणजे? सहा वर्षं भाडं देतोय मी!"

"कागद लिव्ह अँड लायसन्सचा हाय. तू परवानाधारक. नवा मालक ह्यो कागद मानंलच असं न्हाई. तवा नानांना सांगून खरेदीखतातच घालून घे, की करार संपेपर्यंत धनाजी ऱ्हाणार. डिपॉझिट नाना देणार का नवा मालक, त्येबी लिहून घे. आणि सगळ्यात आधी त्या पार्टीला जाऊन भेट. गोड बोल. सात म्हैनं ऱ्हाऊ द्या म्हण."

परवानाधारक! मी काय रिक्षा चालवतो? आणि ज्याचं नावही ठाऊक नाही अशा मेंढपाळाशी मी गोड बोलायचं? मी? ज्याच्याकडं स्वतःचा प्रिंटर आहे?

त्याच दुपारी मी नोटीस टाइप केली. विषय: नियोजित खरेदीदारास सक्त ताकीद. कलम एक, चोवीस तासांची लेखी पूर्वसूचना दिल्याशिवाय आवारात पाऊल टाकू नये. कलम दोन, परवानाधारकाच्या पत्नीशी परस्पर बोलू नये. कलम तीन, आवारात मेंढरं, करडं, कोंबड्या व तत्सम जीव बांधू नयेत. कलम चार, घर पाहायला आल्यास चहापाण्याची अपेक्षा ठेवू नये. खाली ठसठशीत सही, आणि सहीवर केंद्राचा शिक्का. शिक्क्याचा इथं काही संबंध नव्हता, पण शिक्का बघितला की माणूस दबतो.

पत्ता माहीत नसल्यामुळं पाकीट नानासोंच्याच हाती दिलं.

"धनाजी, नगं रं. मागनं तोंड लपवायला जागा हुडकशील."

"नाना, पोच दिली म्हणून इथं सही करा!"

चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला मी दात घासत बाहेर आलो, तर फाटकाबाहेरच्या दगडावर माझी सासू बसलेली! बनुबाई. म्हसवडच्या पलीकडनं पहिली एसटी धरून आलेली. शेजारी गाठोडं, हातात काठी.

"मामी! अवो, या की आत! उन्हात का बसलाय?"

मामींनी पिशवीतनं एक कागद काढला. टाइप माझा. शिक्का माझा. माझ्या तोंडातला फेस तोंडातच राहिला.

मामींना वाचता येत नाही. पण न वाचणाऱ्या माणसाचं पाठांतर भयंकर असतं. शाळेतल्या बाईंनी देवळापुढं, सगळ्या भावकीच्या देखत ती नोटीस एकदाच वाचून दाखवली होती. तेवढ्यावर मामींना शब्दन् शब्द पाठ!

"कलम एक," मामी म्हणाल्या. "लेखी सूचनेबिगर पाऊल टाकू न्हाई. सूचना आणलीया, घ्या." तिच्यावर अंगठा होता. "उद्या याच टायमाला आत यीन. तवर हितं बसते. ह्यो रस्ता सरकारचा हाय."

मंगल चहा घेऊन धावली.

"जावाई, तुमच्या बायकूला सांगा, कलम चार हाय. च्या नगं."

"आई, आगं घे की!"

"जावाई, तिला म्हणावं कलम दोन. परस्पर बोलायचं न्हाई."

मग पाऊण तास मायलेकींचं बोलणं माझ्यामार्फत झालं. दोघी हातभर अंतरावर, आणि मधे मी, तोंडात ब्रश. "मामी, ती विचारतीय गुडघे कसे आहेत." "तिला सांगा, एसटीत उभं ऱ्हावं लागलं." "मंगल, उभं राहावं लागलं म्हणतायत." "बहिरी न्हाई मी!" मंगल माझ्यावरच ओरडली. तोवर निम्मी आळी फाटकाशी जमलेली. एकानं घरातनं खुर्ची आणली. मामींसाठी नव्हे, स्वतःला बसायला!

मी पुढं झालो, मामींच्या हातातनं नोटीस घेतली आणि सगळ्यांसमोर टराटरा फाडली.

"फाडा की," मामी शांतपणे म्हणाल्या. "तीन झेराक्स हायती माझ्याकडं."

मंगलचा बांध फुटला. "सांगत हुते न्हवं आठ दिस गप ऱ्हावा! आईनंच घर घेतलंय! पाडव्याला खरेदी करून तुमाला सांगणार हुतो आमी!"

"पण माझ्यापासून लपवायचं कशाला?" मी विचारलं.

आता मामींनी पहिल्यांदा काठी खाली ठेवली. "पाय न्हाईत चालत आता. मेंढरामागं अजून किती हिंडायचं? इकली समदी. म्हटलं, लेकीजवळ मागल्या खोलीत पडून ऱ्हाईन, म्होरलं घर तुमी वापरा. पर तुमाला आधी कळलं असतं, तर सासूच्या घरात न्हाई ऱ्हायचं म्हणून तुमी बिऱ्हाड हलवलं असतं. व्हय का न्हाई?"

व्हय. हलवलं असतं. दुसऱ्याच दिवशी टेम्पो बोलावला असता. चाळीस मेंढरं होती मामींची, आणि प्रत्येकाला नाव होतं.

"मामी, चुकलं माझं."

"तोंडी नगं. लेखी द्या."

मी लॅपटॉप आणि प्रिंटर व्हरांड्यात मांडला. 'सदर नोटीस विनाअट मागे घेण्यात येत आहे' एवढं टाइप झालं, छापायची कळ दाबली आणि लाईट गेली! मग हातानं लिहिलं. सहा वर्षांत सहीपलीकडं पेन धरलं नव्हतं, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं. खुर्चीवाल्या शेजाऱ्यानं ते मोठ्यांदा वाचलं, 'विनाअट' दोनदा वाचलं, आणि मगच मामी उठल्या. आत येऊन तीन कप चहा प्यायल्या. मंगलशी परस्पर बोलल्या. बराच वेळ, आणि बहुतेक माझ्याविषयीच.

खरेदी पाडव्याला झाली. खरेदीखतात माझ्याविषयी एक ओळ घालून घ्या, असं जयराजनं पुन्हा बजावलं होतं. ते मामींना सांगायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या आठवड्यात मामी केंद्रात आल्या. भाडेकरू ठेवला की त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आल्यावर माझ्यासमोर बसल्या. मी फॉर्म उघडला. भाडेकरूचं नाव, वय, धंदा, सगळं मीच भरलं. मग रकाना आला, भाडेकरूला जवळून ओळखणारी व्यक्ती.

"तुमचं नाव घालू ना, मामी?"

"माझं नगं. मंगलचं घाला. तिनंच पसंत केलं हुतं तुमाला. मी तवाबी न्हाईच म्हणत हुते."

मागं रांगेत सतरा माणसं होती. मी मंगलचं नाव टाइप केलं, शुद्धलेखन तपासलं आणि पुढचा नंबर पुकारला.