तारमास्तर आणि मुंबईचं यंत्र

तारमास्तर कर्णिक बोलताना शब्द वाचवायचे. तारेला शब्दागणिक पैसे पडतात. जन्मभर लोकांच्या तारा पाठवून त्यांच्या जिभेलाच ती सवय लागली होती. हॉटेलात शिरले की, "चहा. साखर कमी. लवकर." मी ज्या भातगिरणीत कारकून होतो तिच्या मालकांकडे बारसं होतं. मास्तर आले, पाळण्यात डोकावले, "मुलगा. निरोगी. अभिनंदन," म्हणाले आणि पेढा उचलून चालू लागले. मुलगी होती. पण ते सांगायला त्यांनी कोणाला सवडच दिली नाही.

चुकलो असं त्यांना कधी वाटायचं नाही. त्यामुळेच कर्जतच्या आमच्या वाचनालयात कॉम्प्युटरचा वर्ग निघाला.

म्हणजे झालं असं, की मुंबईतल्या एका संस्थेनं वर्ग चालवायची तयारी दाखवली, पण कॉम्प्युटर काही कर्जतला येणार नव्हता. तो मुंबईतच थंड खोलीत राहणार. आमच्याकडे येणार फक्त एक पडदा, टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणि टेलिफोनच्या तारेला जोडायची मोडेम नावाची पेटी. इथं बसून अक्षरं दाबायची, काम तिकडं व्हायचं आणि उत्तर इथं उमटायचं. वाचनालयाच्या समितीला हे काही केल्या पटेना. यंत्र दिसत नाही, मग शिकायचं कशावर? तेव्हा मागच्या बाकावर पेपर वाचत बसलेले तारमास्तर उठले.

"तारच ही. पडदा नवा. बाकी सगळं जुनं. मी बघतो."

निवृत्त माणूस, त्यात असा छातीठोक बोलणारा. समितीनं माना डोलावल्या. मुंबईहून टपालानं धडे यायचे, मास्तर ते मोठ्यानं वाचायचे आणि आम्ही करून बघायचं, असं ठरलं. मीही नाव घातलं.

पहिल्या रविवारी आम्ही सगळे वाचनालयाच्या माडीवर जमलो. प्रत्येकाला यंत्रात शिरायचं एक नाव आणि एक परवलीचा शब्द मिळणार होता. मास्तरांनी ट्रंक कॉल लावला, ऑपरेटरशी भांडले, लाइन मिळवली आणि पेटी जोडली. पडद्यावर नुसता कचरा उमटला. प्रश्नचिन्हं, कंस, उलटीसुलटी अक्षरं.

मास्तरांनी कचऱ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "नेरळ. तार ओली."

म्हणजे मुंबईच्या वाटेवर नेरळला तार भिजली. थंडीचे दिवस होते. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण विचारायची कोणाची टाप?

कशेळ्याची इंदू तेवढी पुढं झाली. भातशेती करणाऱ्या घरची पोर, एसटीनं एकटी यायची. ती वाकून म्हणाली, "सर, ही पिन जरा सैल हाय." तिनं पिन अंगठ्यानं आत दाबली. कचरा थांबला आणि यंत्रानं शहाण्यासारखं नाव विचारलं.

"नेरळ," मास्तर समाधानानं म्हणाले. "वाळलं."

यंत्राची भाषा कळली तेव्हा तर मास्तर हरखूनच गेले. तिथं दोन अक्षरांचा एक हुकूम. एल आणि एस दाबलं की यंत्र आपलं सगळं सामान, म्हणजे केलेले धडे, पडद्यावर मांडून ठेवायचं. कृपया नाही, नमस्कार नाही, काही नाही. "बघा!" ते म्हणाले. "शहाणी माणसं. शेवटी भेटली."

धडे सर्वांत आधी इंदूचे व्हायचे. मास्तर तिच्या मागं उभे राहायचे आणि प्रत्येक बरोबर उत्तराला "पोचली" म्हणायचे. तार मिळाल्याची पोच द्यावी तसं.

मग इंदू यायची बंद झाली. आई आजारी पडली असं कळलं. त्यातच मुंबईहून सूचना आली, की जे नाव महिनाभर वापरलं जाणार नाही ते काढून टाकलं जाईल. एकदा काढलेलं नाव यंदा परत मिळणार नाही, आणि नाव नसेल त्याला शेवटची परीक्षा नाही.

मास्तरांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "इंदू. गैरहजर. नियम. पुढचा धडा."

मला राग आला. एवढी हुशार पोर, तिच्यासाठी चार शब्दही खर्च करू नयेत माणसानं?

पुढच्या एका रविवारी गिरणी बंद होती म्हणून मी वर्गाला लवकर पोचलो. माडीवर मास्तर एकटेच. पडद्यानं नाव विचारलं होतं आणि ते एका बोटानं एकेक अक्षर दाबत होते. मी मागून पाहिलं.

"सर, हे तर इंदूचं नाव."

"माहीत."

"ती कुठं येतेय आता?"

"नाव येतं. दर रविवारी."

मी तसाच उभा राहिलो. तेव्हा त्यांनी खुर्ची वळवली.

"कशेळ्याला गेलो होतो," ते म्हणाले. "बाप म्हणाला, आता कसला वर्ग मास्तर, बाय अंथरुनाला खिळलीय, चूल कोन बघनार? मी पोरीला विचारलं. ती म्हणाली, आय बरी झाली का येनार. मग तिच्याकडून परवलीचा शब्द मागून घेतला."

एवढं बोलून ते थांबतील असं मला वाटलं. थांबले नाहीत.

"मी निवृत्त झालो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीनं तार ऑफिसात गेलो. माझ्या खुर्चीवर नवा माणूस. चांगला होता बिचारा. म्हणाला, काय काम होतं, आजोबा? काम काहीच नव्हतं. परत फिरलो, तो पुन्हा त्या दारात गेलो नाही. नाव काढलं की माणूस लाजतो, रे. पोरगीही लाजेल. यायचीच नाही."

मग पडद्याकडे वळून त्यांनी इंदूच्या नावावर त्या आठवड्याचा धडा करायला घेतला.

शिमग्याच्या सुमारास इंदू आली. वाळली होती. दारातच घुटमळली आणि म्हणाली, "सर, आय उठली. पन माझं नाव गेलं असंल ना?"

"बस. दाब."

तिनं नाव घातलं, शब्द घातला. यंत्रानं तिला आत घेतलं. तिनं आपलं सामान उघडलं, तर सगळे धडे करून ठेवलेले. ती वाचत गेली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सर, हे कोनी केलं?"

"तू."

"आवो, पन सगळे चुकलेत!"

वर्ग खो खो हसला. मास्तर जराही ओशाळले नाहीत. "असू देत," म्हणाले. "सुधार."

दुपारभर ती सुधारत बसली. मास्तर मागच्या बाकावर हाताची घडी घालून नुसते बघत होते.

वर्ग सुटल्यावर ते तिला एसटी स्टँडवर सोडायला आले. मीही बरोबर होतो. कशेळ्याची गाडी लागली, इंदूनं खिडकीतून हात हलवला, गाडी निघाली. मी समोरच्या हॉटेलात शिरून दोन चहा सांगितले आणि मास्तरांना हाक मारली. त्यांच्या घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, हे कर्जतात सगळ्यांना ठाऊक होतं.

गाडी वळणाआड जाऊन धूळसुद्धा खाली बसली होती, तरी मास्तर त्या रस्त्याकडे बघत उभे होते.